धुक्याचं वेळापत्रक

प्रिय कोमाद्रे एर्मिनिया,

त्या सकाळी मी ओट्याशी उभी राहून राजमा निवडत होते. खडे एका बाजूला, सुरकुतलेले दाणे दुसऱ्या बाजूला. शेगडीवर कॉफी उकळत होती, तुला आवडते तशी, दालचिनीचा तुकडा टाकलेली. यारेली तिच्या बापाच्या, फिदेन्सियोच्या खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती आणि विश्वकोशाचा खंड मांडीवर ठेवून मला मधमाश्यांवरचं पान वाचून दाखवत होती. कोपऱ्यावर बस थांबल्याचा आवाज आला, मग निघाल्याचा. ती वाचता वाचता थांबली. मी म्हटलं, "एवढं पान संपव गं, मग सोडते मी गाडीने." ती पुढे वाचू लागली. कुठल्या दिवशीची ही सकाळ म्हणून विचारशील तर मला सांगता येणार नाही. त्या सगळ्या सकाळी एकसारख्याच होत्या. पण मी डोळे मिटले की हीच दिसते.

अकरा महिन्यांनी माझं पत्र आलं म्हणून तू आधी पाकीट उलटसुलट करून बघितलं असशील. घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. गोष्ट यारेलीची आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी तू तिला हातात धरलं होतंस, तिची धर्ममाता म्हणून माझी कोमाद्रे झालीस, तेव्हा तिच्याबद्दलचं बरंवाईट तुला कळायलाच हवं, आपण बोलत असू वा नसू. मी रागातच होते, ते खोटं कशाला सांगू? का होते ते पुढे येईलच.

सप्टेंबरच्या शेवटी मोठ्या शाळेतून बोलावणं आलं. तिथल्या काउन्सेलर, मिसेस लिंडक्विस्ट, गोड आवाजाच्या बाई. त्यांनी सांगितलं, यारेली तीस क्रेडिटनं मागे आहे, या वेगानं ती पुढच्या वर्षी सगळ्यांबरोबर पदवीचा झगा घालणार नाही. "तिला रस राहिलेला नाही," म्हणाल्या. आणि लगेच एक कागद पुढे सरकवला. कालव्यापलीकडच्या शाळेत बदली मागण्याचा अर्ज. त्यात वर लिहिलेलं, 'पालकांच्या स्वतःच्या इच्छेने'. माझी इच्छा मला विचारायच्या आधीच छापलेली होती, आणि जिथे सही करायची तिथे पेन्सिलीनं फुली सुद्धा मारून ठेवलेली. मी कागद घडी करून पिशवीत टाकला. त्या म्हणाल्या, "आत्ताच केलीत तर बरं." मी म्हटलं, "बाई, मी सतरा वर्षं डाळिंबं निवडते आहे. पट्ट्यावरून जाणारं फळ सुद्धा मी फिरवून बघते, मग हात लावते. ही तर माझी पोर आहे."

तू त्या शेडमध्ये माझ्या शेजारी उभी राहिलेली आहेस, तुला सांगायला नको. हंगामाच्या शेवटी मुकादम काय करायचा आठवतंय ना? वरच्या दर्जाच्या खोक्यांचं प्रमाण चांगलं दिसावं म्हणून जरा डाग दिसला की फळ रसाच्या पेटीत. आतून लालभडक असलं तरी. मला वाटलं, हे तेच आहे. मोठ्या शाळेला आपले आकडे नीट दाखवायचेत, म्हणून डाग असलेल्या पोरी कालव्यापलीकडे. गावात त्या शाळेबद्दल काय बोलतात तेही तुला ठाऊक आहे. आपल्या वेळी पोटुशी राहिलेल्या मुली तिथे जायच्या. आता मारामाऱ्या करणारे जातात, गांजा ओढणारे जातात, आणि ज्यांच्याशी काय करावं ते कोणाला कळत नाही ते सगळे जातात. माझ्या यारेलीनं यातलं काय केलं होतं? मी तिची दप्तरं तपासली, फोन मागून घेतला, एखादा मुलगा आहे का म्हणून तिच्या मैत्रिणीला फळांच्या दुकानात गाठून विचारलं. ती मैत्रीण मला म्हणाली, "तिला कुठला मुलगा, सेन्योरा? ती तर अजून तुमच्याशीच डेटिंग करते." मला तेव्हा हसू आलं होतं. कार्टी वाह्यात आहे म्हणून मी सोडून दिलं.

मग मी न सांगता ती शाळा बघायला गेले. मुद्दाम मागच्या बाजूनं. बसगाड्या धुतात त्या आवाराच्या मागे आठ तयार खोल्या आणून ठेवल्या आहेत, ट्रकवरून उतरवलेल्या, चाकं काढलेल्या. घंटा नाही. मैदान म्हणजे बास्केटबॉलची एक जाळी. बस तर नाहीच. पोरं चालत नाहीतर सायकलीनं येतात. मी आधी कचऱ्याची पेटी उघडून बघितली, कोरी पुस्तकं फेकलेली सापडतात का ते बघायला. केळीची सालं आणि पेन्सिलीचा भुसा निघाला. मग मुलींचं शौचालय बघितलं. साबण होता. त्यानं माझा संशय आणखी वाढला, खरं सांगते. पहिल्या खोलीत एक मुलगा बाकावर डोकं ठेवून झोपलेला, त्याच्या खांद्यावर कोणीतरी जाकीट टाकलेलं. मी म्हटलं, झालं, इथे झोपवतात सुद्धा.

तिथले शिक्षक बेटनकोर्ट. बापजादे दुधाच्या धंद्यातले पोर्तुगीज, मनगटं अजून गवळ्याची आहेत. त्यांनी मला बसवलं, कॉफी दिली. फिदेन्सियो म्हणायचा ना, पहिल्याच भेटीत कॉफी पाजणारा माणूस काहीतरी विकायला बसलेला असतो. मी कॉफी प्यायले नाही. त्यांनी समजावलं की इथे फळ्यासमोर वर्ग भरत नाही. प्रत्येकाला पुस्तिका देतात, ती पूर्ण केली की क्रेडिट मिळतं. जो जितक्या लवकर करील तितक्या लवकर. मी विचारलं, "म्हणजे कोणीही भरून दिली तरी चालतं?" ते म्हणाले, "आम्ही वाचतो." मी म्हटलं, "हो, तसं सगळेच म्हणतात." मग त्यांनी नियमांचा कागद दिला. त्यातला चौथा नियम वाचून माझं डोकंच फिरलं. मुलगी गैरहजर राहिली तर आईचा फोन चालणार नाही, आईनं स्वतः येऊन समोर सही करायची. मी म्हटलं, "आईच्या शब्दावर तुमचा विश्वास नाही?" ते म्हणाले, "सेन्योरा, आया प्रेमानं फार खोटं बोलतात." मी उठले. जाताना एक पुस्तिका मागितली, नमुना म्हणून.

आता हस. ती पुस्तिका मी घरी आणून स्वतः भरली. आपल्या खोऱ्यातल्या पाण्यावर होती, धरणं, कालवे, पाणी कोणाचं आणि कोणाला मिळतं. मी पाचवी सोडून शेतात गेलेली बाई, पण कोणाच्या तरी घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत घेतलेले विश्वकोशाचे ते एकोणीस खंड मी दोनदा वाचले आहेत, तुला माहीत आहे. एक खंड कमी आहे म्हणून काही गोष्टींचं मला अजून काही कळत नाही, ते सोड. तीन सकाळी लागल्या. यारेली समोर बसून बघत होती. "अमा, हे फसवणं आहे," म्हणाली. मी म्हटलं, "फसवतात का ते बघणं आहे." वर तिचं नाव घातलं, अक्षर तिच्यासारखं गोल काढलं आणि कचेरीत नेऊन टाकली. त्यांनी डोळे मिटून बरोबरच्या खुणा केल्या की मला कळणार होतं, ही रसाची पेटी आहे. मग मी लिंडक्विस्टबाईंच्या टेबलावर तो कागद फाडून टाकणार होते. काय बोलायचं ते सुद्धा ठरवून ठेवलं होतं.

चार दिवसांनी बेटनकोर्ट सरांनी बोलावलं. पुस्तिका समोर उघडी. सगळ्या पानांवर त्यांच्या हिरव्या शाईच्या खुणा. म्हणाले, "आठवं उत्तर चुकलं आहे. तुमचं पुस्तक कितव्या सालचं?" मी म्हटलं, "अडुसष्टचं." ते म्हणाले, "कालवा त्यानंतर वाढवला." मग त्यांनी शेवटचं पान काढलं. तिथे प्रश्न होता, तुमच्या घरात पाण्याचं काम कोण करतं किंवा करत होतं, त्याच्याबद्दल लिहा. त्यांनी मला माझंच वाक्य वाचून दाखवलं. 'तो रात्रभर बागांना पाणी देऊन सकाळी सातला घरी यायचा, तेव्हा मी त्याचे बूट दारात ठोकून चिखल काढायचे आणि तो कॉफी पिईपर्यंत त्याला वाचून दाखवायचे.' वाचून झाल्यावर चष्मा काढला. "यारेली बूट ठोकायची का?" मी पानावरच्या हिरव्या खुणा बघत राहिले. "फार चांगलं लिहिलं आहे," ते म्हणाले. "पण याचं क्रेडिट मी तुम्हाला देऊ शकत नाही, आणि तिला तर नाहीच नाही." मला लाज वाटली आणि बरंही वाटलं. खरंच वाचतात म्हणजे. कॉफी मागून घेतली.

मग ते म्हणाले, "आता मी विचारतो. ही मुलगी मागे का पडली?" मी लिंडक्विस्टबाईंचं सांगितलं, रस नाही म्हणतात. त्यांनी ड्रॉवरमधून एक लांब कागद काढला, मोठ्या शाळेतून मागवून घेतलेला. गेल्या दीड वर्षाची हजेरी, तासातासाची. तिसऱ्या तासापासून शेवटपर्यंत सगळं भरलेलं. इतिहास चांगला, विज्ञान चांगलं, सहाव्या तासाला बँडमध्ये क्लॅरिनेट, एकही दिवस चुकलेला नाही. आणि कितीतरी दिवशी पहिले दोन तास रिकामे. मी म्हटलं, "त्या दोन तासांना काही नसतं. खेळ आणि आरोग्य असलं काहीतरी असतं, तिनंच सांगितलंय मला." ते म्हणाले, "पहिला तास बीजगणिताचा. दुसरा इंग्रजीचा." मी कागदावर वाकून बघितलं. रिकाम्या जागेत दर दिवसाला एकच खूण होती. मी विचारलं, ही कसली. त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "ही खूण म्हणजे आईचा फोन आला."

कोमाद्रे, एकशे अकरा खुणा होत्या. मी बोट ठेवून मोजल्या. पोट दुखतंय. दात दुखतोय. आजीचा फोन आलाय गावाकडून, मिचोआकानहून. ताप आहे, दहा वाजेपर्यंत उतरेल. ती सगळी माझी वाक्यं.

ते कसं सुरू झालं, तुला सांगते, कारण इतर कोणाला सांगितलं तर त्यांना समजणार नाही. फिदेन्सियो नोव्हेंबरात गेला आणि डिसेंबरात धुकं आलं. त्या वर्षीचं धुकं आठव, समोरच्या घराचं दार दिसत नव्हतं. शाळेचं धुक्याचं वेळापत्रक लागलं, बस दोन तास उशिरा. म्हणजे तो ज्या वेळी घरी यायचा त्याच वेळी यारेली घरात. मी सातला बाहेर जाऊन त्याचे बूट ठोकायला हात पुढे केला आणि मग आत आले. ती त्याच्या खुर्चीत येऊन बसली. विश्वकोश उचलला आणि वाचायला लागली. मला वाटलं, एवढे दोन तास असतील तर मी जगेन. माझी पाळी दुपारी दोनला सुरू होते, मधलं कसंही निघतं. सात ते नऊ निघत नाही. जानेवारीत रोज धुकं, फेब्रुवारीत कधी कधी. मार्चमध्ये ऊन पडलं, बदामाची झाडं फुलली, बस सात दहाला येऊ लागली आणि आमच्या घरात धुक्याचीच वेळ राहिली. पहिल्यांदा ती उठली होती, दप्तर खांद्याला लावून. मी फक्त तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. तिनं दप्तर खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी उठली नाही. त्यानंतर मीच म्हणायचे, पान संपव. आणि मी स्वतःला सांगायचे की मी तिला शिकवतेच आहे. मधमाश्या, भूकंप, फिनिशियाचे व्यापारी. शाळेत तरी याहून काय वेगळं शिकवणार होते?

आणि ती मला म्हणायची, पहिल्या दोन तासांत काही नसतं, अमा. आया प्रेमानं खोटं बोलतात म्हणाले ते, मुली सुद्धा बोलतात.

घरी आल्यावर मी कागद तिच्यापुढे ठेवला. ओरडायचं ठरवलं होतं, पण फक्त बोटानं त्या खुणा दाखवल्या. ती म्हणाली, "तू एकटी बसली असतीस." मी म्हटलं, "मग? बसले असते." ती म्हणाली, "नसतीस बसली. बाहेर जाऊन त्या बुटांशी उभी राहिली असतीस. मी पाहिलंय." मग हसत, डोळे पुसत म्हणाली, "आणि अमा, फिनिशियाच्या व्यापाऱ्यांवर कोणी परीक्षा घेत नाही गं."

मी शाळेवर संशय घेतला, लिंडक्विस्टबाईंवर घेतला, नसलेल्या मुलावर घेतला, साबणावर सुद्धा घेतला. घरातली एकच खुर्ची मी फिरवून बघितली नाही. तू मात्र बघितली होतीस. फिदेन्सियोला वर्ष झालं तेव्हाच्या मिसानंतर, चर्चमधून आल्यावर, मक्याचे तमाले वाढता वाढता, तू माझ्या कानाशी म्हणालीस, "त्या पोरीला त्याच्या खुर्चीतून उठव, एल्व्हिरा." आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हटलं, जिचा नवरा घरी घोरतोय तिनं मला शिकवू नये. तू झाकण ठेवलंस पातेल्यावर आणि निघून गेलीस. महिन्याभरात तुम्ही उत्तरेला याकिमाला गेलात, सफरचंदांच्या बागांत कामाला. मला निरोप घेता आला असता. मी घेतला नाही.

संशय अगदीच वाया गेला असं मात्र समजू नकोस. मोठ्या शाळेनं माझा फोन एकशे अकरा वेळा ऐकला आणि एकदाही कोणी विचारलं नाही की या घरात रोज कोण आजारी आहे. ते मी लिंडक्विस्टबाईंना तोंडावर सांगितलं. त्या लाल झाल्या, म्हणाल्या, "आम्ही पालकांवर विश्वास ठेवतो." मी म्हटलं, "तीच चूक झाली." आणि सही करायच्या आधी त्या कागदाच्या खाली मी त्यांच्याच हातानं लिहून घेतलं की तीस क्रेडिट भरून निघाल्यावर यारेलीला शेवटच्या वर्षाला परत घेतील, आणि बँडमध्ये तिची जागा राहील. तारीख घालायला लावली. एक प्रत माझ्याकडे आहे, दुसरी बेटनकोर्ट सरांकडे. क्लॅरिनेट शाळेचं होतं, ते परत करावं लागलं. ती पेटी टेबलावर ठेवून यारेली जराशी उभी राहिली, झाकणावरून हात फिरवला. तेवढा दोष मात्र माझ्याच पदरात आहे, तो कोणाच्या नावावर टाकता येत नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. माफी मागायची आहे, ती मागितली असं समज, मला त्याहून नीट जमत नाही. पण खरं काम दुसरं आहे. पुढच्या महिन्यात धुकं पडायला लागेल. कालव्यापलीकडच्या शाळेला बस नाही, म्हणून धुक्याचं वेळापत्रक पण नाही. पहिल्या दिवशी मी तेही त्या शाळेच्या दोषांत मोजलं होतं. धुकं असो नसो, सव्वाआठला तिनं बाकावर असायचं, आणि आता माझा फोनही चालत नाही. मला स्वतःची खात्री नाही, कोमाद्रे. तुझे गुडघे गेले आणि तू काम सोडलंस असं चर्चमध्ये कळलं. सकाळी तू घरी असतेस. रोज सात ते नऊ या वेळात कधीही मला फोन करशील का? भांडलीस तरी चालेल. फक्त कोणाचा तरी आवाज हवा, म्हणजे मी तिला हाक मारणार नाही. मी सही केली सोमवारी. मंगळवारी मी तिला पावणेआठला पुलापलीकडे सोडलं, घरी आले, बूट दारातून उचलून कपाटात ठेवले, एक कप कॉफी केली आणि मधमाश्यांचं उरलेलं पान एकटीनं मोठ्यानं वाचून संपवलं.

तुझीच, भांडून सुद्धा तुझीच,
एल्व्हिरा